बाविसाव्या ओळीतली मुलगी : विमान वाहतूक महासंचालकांना खुलं पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए),
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघते. त्यामुळे या पत्रात आकडे येतील आणि थोडी कटकटही येईल. आमच्या ऑफिसात या दोन गोष्टी वेगळ्या समजत नाहीत.

आधी चांगलं बोलते. एप्रिल २०२४मध्ये तुमच्या खात्याने विमान कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकासोबत जागा द्यायचीच, आणि तशी नोंदही ठेवायची. नियम दोन ओळींचा आहे आणि योग्य आहे. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. ज्या पहाटे तो आम्हाला हवा होता, त्या पहाटे तो कुणाच्याच तोंडून आला नाही, ही तक्रार आहे. मला तो सापडला प्रवास संपल्यावर, घरी, मोबाइलवर जुन्या बातम्या चाळताना.

झालं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण कोचीला निघालो. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास. नाशिकच्या ओझर विमानतळाहून आम्हाला सोयीचं विमान नव्हतं, म्हणून मुंबई गाठायची ठरली. तिकिटं दोन महिने आधी काढली होती, पाचही जणांची एकत्र, एकाच पीएनआरवर. पैसे भरायच्या आधी पडद्यावर विमानाचा नकाशा आला. निळ्या, जांभळ्या, हिरव्या खुर्च्या आणि प्रत्येकीवर भाव. आम्हाला परवडणाऱ्यातली खुर्ची साडेतीनशेची होती. पाच माणसं, जायचं-यायचं, म्हणजे दहा खुर्च्या : साडेतीन हजार रुपये. मी म्हटलं, पाचही जणांची तिकिटं एकत्र आहेत, दोन लहान मुलं आहेत हे तिकिटावरच लिहिलंय, एवढं तर आपोआप होईल. "जागा निवडायची नाही" हे बटण शोधायलाच मला दोन मिनिटं लागली. फिकट राखाडी अक्षरात, अगदी खाली.

निघायच्या आदल्या दिवशी वेब चेक-इन केलं. मी आणि मुलगा २६ए, २६बी. इथवर छान. मुलगी २२ई. नवरा १४बी. सासूबाई ९ई.

म्हणजे संगणकाला एक मूल दिसलं आणि दुसरं दिसलं नाही.

रात्री दीडला घर सोडलं. मुंबईच्या काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली, "मॅडम, गेटवर सांगा, ते करून देतील." गेटवरचा मुलगा म्हणाला, "फ्लाइट फुल्ल आहे, आत क्रू बघेल." आत क्रूमधल्या मुलीने बाविसाव्या ओळीपाशी उभं राहून साऱ्या विमानाला विचारलं, "कोई एक्सचेंज करेगा, प्लीज?" पोलिसात तक्रार द्यायला गेलं की ही आमची हद्द नाही म्हणतात, तसं वाटलं. फरक इतकाच, की इथे हद्दीहद्दीत सगळे हसून बोलत होते.

माझी मुलगी आधी खूश होती. तिचा तिचा बोर्डिंग पास, तिचा तिचा नंबर. मग दोन मोठ्या माणसांच्या मधली ती रिकामी खुर्ची तिने पाहिली आणि माझी ओढणी धरली ती सोडेना. मागे रांग खोळंबलेली, कुणाची बॅग माझ्या पाठीला टेकलेली, कडेवर धाकटा.

२२डीवरच्या गृहस्थांनी नाही म्हटलं. पन्नाशीचे असतील. म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय बाहेर काढता यावा म्हणून वाटेकडची जागा पैसे भरून घेतलीय, मधल्या जागेवर जाऊन कसा बसू? आसपासच्या लोकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. लहान मुलीसाठी उठत नाही म्हणजे काय, अशी ती नजर होती. साहेब, ते गृहस्थ शंभर टक्के बरोबर होते. त्यांनी मागितलेली वस्तू विकत घेतली होती आणि ती त्यांच्या ताब्यात होती. त्यांना त्या जागी दुष्ट ठरवलं ते कंपनीने. स्वतःचं काम त्यांच्या अंगावर ढकलून ती बाजूला झाली.

उठला तो २२एफवरचा मुलगा. इंजिनिअरिंगला असावा. कानातले इअरफोन काढून म्हणाला, "काकू, बसू द्या तिच्या बाबांना," आणि १४बीवर, दोघांच्या मध्ये जाऊन बसला. त्यानेही खिडकीचे पैसे भरले होते. नवऱ्याने उतरताना द्यायचा प्रयत्न केला, त्याने घेतले नाहीत. आता हिशेबनीस म्हणून विचारते, या व्यवहाराची नोंद कशी करायची? त्याचे पैसे कंपनीकडे राहिले आणि खिडकी आमच्याकडे आली. आम्ही भरले नाहीत, त्याला मिळाले नाहीत, कंपनीचं गेलं नाही. आमच्या ऑफिसात असा ताळेबंद कुणी आणला तर आम्ही त्याला पुन्हा बसवून विचारतो, की बाबा, मधले पैसे कुठे आहेत?

आणि सासूबाई. ९ईवर, आमच्यापासून सतरा ओळी पुढे. चढताना म्हणाल्या होत्या, "वणीच्या गडाला एसटीत उभ्याने गेलेली बाई मी, मला काय होतंय!" उतरल्यावर कळलं, की दोन तास त्यांनी पट्टा सोडला नव्हता आणि पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पट्टा कसा सुटतो ते नीट कळलं नव्हतं. आणि पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, शेजारच्या अनोळखी माणसाला उठा म्हणावं लागेल, म्हणून प्यायल्याच नाहीत. तुमच्या नियमात सासूबाईंबद्दल काही नाही. त्यांचा विषय पुढे पुन्हा काढणार आहे.

आता आकडे. मुंबईहून सुटणाऱ्या बहुतेक देशांतर्गत विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात. १८० खुर्च्यांचं विमान धरा : तीस ओळी, साठ खिडक्या, साठ वाटेकडच्या, साठ मधल्या. पैसे भरून माणूस काय घेतो? खिडकी नाहीतर वाटेकडची. मधली कुणी हौसेने घेत नाही. म्हणजे पैसे न भरणाऱ्यांसाठी शेवटी मधल्याच उरतात, आणि कोणत्याही ओळीत दोन मधल्या खुर्च्या एकमेकींना लागून नसतात. एकीच्या शेजारी खिडकी, दुसऱ्या बाजूला वाटेकडची खुर्ची, मग वाट, वाटेपलीकडे पुन्हा वाटेकडची खुर्ची, मग मधली. साठच्या साठ मधल्या रिकाम्या असल्या तरी त्यांत आई आणि मूल शेजारी बसू शकत नाहीत. विमान भरत आल्यावर मुलांची सोय लावू म्हणणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. ही जोडी आधीच, तिकीट निघतानाच बाजूला ठेवावी लागते. नंतर गेटवरचा मुलगा कितीही भला असला तरी त्याच्या हातात द्यायला काही उरलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : तुमचा नियम गेटवर पाळायला ठेवलाय, आणि तो पाळायची खरी जागा तिकीट काढायचा पडदा आहे.

तुमच्या खात्याने कंपन्यांना ज्या सेवांचे वेगळे पैसे घ्यायची मोकळीक दिली आहे, त्या यादीत खाणंपिणं आहे, वाद्यं नेणं आहे, आणि पसंतीचं आसन आहे. पसंतीचं आसन हा शब्द मला पटतो. ज्याला पाय पसरायचेत, पुढच्या दाराने लवकर उतरायचंय, ढग बघायचेत, त्याने जरूर पैसे मोजावेत. कुणाला त्यात गैर वाटायचं कारण नाही, मुळात तिकीट त्यामुळेच स्वस्त राहतं असं कंपन्या म्हणतात, म्हणोत. पण सात वर्षांचं लेकरू आईबापाशेजारी बसणं ही पसंती कशी?

आमच्याकडे कालिदास कलामंदिरात नाटकाची तिकिटं खिडकीवर काढायला गेलं, की आतला माणूस तक्ता पुढे ओढून पहिल्यांदा विचारायचा, "एकत्र हव्यात की पुढच्या?" चौथ्या रांगेत दोन इकडे-दोन तिकडे, नाहीतर अठराव्या रांगेत चारही ओळीने. आम्ही कायम अठरावी घेतली. कुणी तक्रार केली नाही, कारण निवड खरी होती. पुढची जागा ही वेगळी गोष्ट आहे आणि एकत्र बसणं ही वेगळी, एवढं त्या पेन्सिलवाल्या माणसाला कळत होतं. विमान कंपन्यांच्या नकाशात या दोन्ही गोष्टी एकाच भावाला, एकाच रंगात विकायला ठेवल्यात. आम्हाला शेवटची रांग द्या ना. बाथरूमशेजारची द्या, पाठ मागे न जाणारी द्या. एकत्र द्या.

रेल्वेची गंमत बघा. रेल्वेला आपण उठता-बसता नावं ठेवतो, मी तर जास्तच ठेवते. पण आयआरसीटीसीवर तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी विचारतात : सगळे बर्थ एकाच डब्यात मिळत असतील तरच काढायचं का? निदान एक खालचा बर्थ मिळत असेल तरच काढायचं का? आणि या विचारण्याचे पैसे घेत नाहीत. शिवाय रेल्वेत चुकलंच काही, तर पंचवटी एक्स्प्रेसवर वाढलेल्या आम्हा नाशिककरांना तोडगा पाठ आहे. "जरा सरका हो" म्हटलं की तिघांच्या बाकावर चौघं बसतात, मूल मांडीवर येतं, कसारा येईपर्यंत शेजारणीने त्याला चिवडाही भरवलेला असतो. विमानात सरकायला जागाच नाही. तिथे जागा म्हणजे पट्टा आणि पट्टा म्हणजे एकाच माणसाचा. म्हणून तर तिथे नियम हवा.

कंपन्या म्हणतील, आम्हाला कसं कळणार कोण कुणाचं? अहो, तिकिटाच्या पहिल्याच पानावर तुम्ही विचारता, प्रौढ किती, मुलं किती, तान्ही किती. नाव विचारायच्या आधी विचारता. एकट्या मुलाची खास सोय सोडली, तर मुलाचं तिकीट प्रौढाशिवाय निघत नाही. म्हणजे पहिल्या मिनिटापासून संगणकाला माहीत आहे, की या पीएनआरवर दोन मुलं आहेत. त्याच संगणकाला हेही माहीत असतं, की आपत्कालीन दाराच्या ओळीत मूल बसवायचं नाही. ती जागा तो मुलाला देतच नाही. तीन खुर्च्यांच्या वर ऑक्सिजनचे मुखवटे चार असतात, म्हणून त्या तिघांत मांडीवरचं बाळ एकच चालतं, हेही तो सांभाळतो. जे जमत नाही म्हणतात, त्याहून अवघड ते रोज करतातच.

आता "सोबत" या शब्दाकडे येते. तुमच्या नियमात पालकासोबत जागा असं आहे. मराठीत सोबत, जवळ आणि शेजारी हे तीन शब्द आहेत आणि तिन्हींचं अंतर वेगळं आहे. वाटेपलीकडच्या खुर्चीवर बसलेला बाप सोबत आहे का? पुढच्या ओळीतली आई, जिचा फक्त अंबाडा दिसतोय, ती? कंपनी म्हणेल, दोन्ही एकाच विमानात आहेत की! हसू नका, मला गेटवर जवळजवळ हेच उत्तर मिळालं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ऑगस्ट २०२४मध्ये तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नियमाचा मसुदा काढला, तेव्हा त्यात शेजारी म्हणजे काय ते लिहिलं होतं : त्याच ओळीत, लागून, मध्ये वाट नको. त्यांचा तो मसुदा होता, आपल्याकडे नियम आहे. आपण पुढे आहोत. मग व्याख्येची एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

आणि हे लाड नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. उड्डाणाआधी विमानातली क्रूची माणसंच हात हलवून सांगतात, की मुखवटा खाली आला तर आधी स्वतःचा लावा, मग शेजारच्या मुलाला लावा. शेजारच्या मुलाला! माझं मूल चार ओळी पुढे असेल तर ती सूचना कुणासाठी आहे, २२डीवरच्या गुडघेवाल्या काकांसाठी? विमानाला परवानगी मिळते तीच या अटीवर, की अर्धी दारं बंद असतानाही सगळे नव्वद सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. त्या नव्वद सेकंदांत मी दाराकडे पळणार नाही. मी उलट दिशेने, माणसं ढकलत, बाविसाव्या ओळीकडे जाणार. कोणतीही आई जाणार. म्हणजे माझी मुलगी माझ्याशेजारी बसण्यात त्या काकांचाही फायदा आहे आणि त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचाही.

आणखी एक भोक आहे, ते थोडक्यात सांगते. नियम एकाच पीएनआरपुरता आहे. पण घरची तिकिटं अशी एका दिवशी निघत नाहीत. नणंदेचं तिकीट आधी निघालेलं, मग भाची म्हणाली मलाही आत्यासोबत जायचंय, की दुसरा पीएनआर. दोन पीएनआर एकमेकांना जोडून द्यायची सोय कंपन्यांनी करावी आणि जोडल्यावर नियम तसाच लागू व्हावा. विमान रद्द झाल्यावर किंवा बदलल्यावर नव्याने जागा वाटतात, तेव्हाही.

नोंदीचं काय? नियमात नोंद ठेवायला सांगितलंय, हे वाचून माझ्यातल्या हिशेबनिसाला फार बरं वाटलं होतं. पण जी नोंद कुणी बघत नाही ती नोंद नसते, तो कागद असतो. तुमचं खातं दर महिन्याला देशांतर्गत विमान वाहतुकीचा अहवाल काढतं. त्यात कंपनीनिहाय तक्रारी असतात, सामानाच्या, परताव्याच्या, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीच्या. त्यातच एक रकाना वाढवा : बारा वर्षांखालची किती मुलं पालकापासून वेगळी बसवली गेली आणि त्यातली किती दार बंद व्हायच्या आत पालकाशेजारी आली. आमची मुलगी दुसऱ्या रकान्यात जाईल, पण पहिल्याही रकान्यात जाईल. कंपनीच्या वहीत ती आज बहुधा कुठेच नाही, कारण कागदोपत्री ती शेवटी बापाशेजारी बसली. तिला तिथे बसवलं कुणी, ते वहीत कसं येणार?

पडद्यावर मला काय हवंय तेही स्पष्ट सांगते. प्रवाशांत बारा वर्षांपर्यंतचं मूल आहे असं भरलं, की भावांचा रंगीत नकाशा उघडायच्या आधी एक वाक्य यावं : तुमच्या मुलाला पालकाशेजारची जागा दिली जाईल, त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. मराठीत आलं तर सोन्याहून पिवळं, हिंदी-इंग्रजीत आलं तरी चालेल. त्याच्याखाली खुर्चीचे नंबर. मग ज्याला खिडकी हवी तो घेईल पैसे देऊन. आज जो आईबाप साडेतीन हजार भरतो, तो ढग बघायला भरत नाही. तो भीतीपोटी भरतो, आणि जी जागा मिळणार नाही अशी भीती असते, ती नियमाने आधीच त्याची असते. हे कळलं तेव्हा मला जास्त चीड आली. साडेतीन हजारांची येत नाही तेवढी, कारण ते मी भरलेही नव्हते. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी मात्र भरलेत. एकीने चार वेळा.

आता सासूबाई. वयाची अट घालून तुम्ही मुलांचं केलंत, तसं पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं करणं सोपं नाही, मला कळतं. कोण पहिल्यांदा बसतंय हे संगणकाला कळत नाही. पण सत्तरीच्या पुढच्या माणसासोबत त्याच पीएनआरवर घरचं कुणी असेल, तर त्या दोघांना शेजारी बसवायचा आधी प्रयत्न करा, एवढं तरी लिहिता येईल. २०२७मध्ये आमच्याकडे सिंहस्थ आहे. देशभरातून माणसं ओझरला, शिर्डीला, मुंबईला उतरतील, आणि त्यातली कितीतरी आजी-आजोबांना घेऊन, पोरांना घेऊन येतील, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली. कुंभात माणूस चुकलं तर रामकुंडावरच्या भोंग्यावरून नाव पुकारतात. ती चुकामूक गर्दीने होते, समजू शकते. दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या, नंबर घातलेल्या, आदल्या दिवशीच भरलेल्या डब्यात घर फुटावं, याला गर्दी म्हणत नाहीत.

हे सगळं मी एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवरही टाकणार आहे, रीतसर, बोर्डिंग पासच्या फोटोंसकट. पाचही पास जपून ठेवलेत. मुलीचा द्यायला तिने नकार दिला, त्यावर तिने मागच्या बाजूने विमानाचं चित्र काढलंय, म्हणून त्याचा फोटोच काढला.

मे महिन्यात दिल्लीला लग्न आहे. या वेळी ओझरहून जायचं म्हणतोय, तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत. चौघांची. सासूबाईंनी त्यांचं रेल्वेचं काढायला सांगितलंय, नाशिकरोडहून, खालचा बर्थ.

आपली,
नाशिकची एक प्रवासी